कळफलक मराठी झाला, पडद्यावरचं अक्षरही नीट दिसू द्या

प्रति,
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,


राज्य शासनाच्या ३ फेब्रुवारी २०२५ च्या निर्णयात एक बारीकशी तरतूद आहे, तिच्याबद्दल आधी आभार मानतो. सरकारी पैशातून घेतलेल्या संगणकाच्या कळफलकावर रोमन अक्षरांबरोबर देवनागरी अक्षरंही छापलेली असली पाहिजेत, असं त्यात सांगितलं आहे. भाषेचं धोरण भाषणांतून उतरून बटणापर्यंत आलं, हे मला मोठं वाटतं. पण बटण दाबल्यावर अक्षर उमटतं ते पडद्यावर, आणि पडद्यावर मराठी अक्षर कसं दिसावं याची दखल अजून कुणी घेतलेली दिसत नाही. नव्या लॅपटॉपवर कित्येक प्रोग्रॅममध्ये ते पुसट दिसतं, फुटतं, कडांना रंग सोडतं. हा दोष दुरुस्त होणारा आहे, थोडक्या खर्चात होणारा आहे, आणि तो दुरुस्त करून घेण्याचा अधिकार सरकारकडे आहे. म्हणून हे पत्र.

मी मालवणात डीटीपीचं काम करतो आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल, जत्रेचे बॅनर एकीकडे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, वारसनोंद, सातबारा दुसरीकडे. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि त्याच सुमारास शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू होतात. तेव्हा दांडी, देवबाग, सर्जेकोट, आचऱ्याकडची माणसं कागदांची पिशवी काखेत मारून येतात. त्यांची नावं मी दिवसभर पडद्यावर वाचतो. वाचण्यात चूक झाली तर ती त्यांच्या कागदावर जाते, आणि कागदावर गेलेली चूक काढायला त्यांना किती हेलपाटे पडतात ते मी रोज बघतो.

हा प्रश्न आताच का वर आला, तेही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार थांबवला. बरीचशी जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे मोठ्या कचेऱ्यांपासून आमच्यासारख्या गाळ्यांपर्यंत नवे लॅपटॉप येऊ लागले. जुन्या साडेपंधरा इंची लॅपटॉपचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असायचा, म्हणजे इंचाला साधारण १०० ठिपके. आता चार पैसे जास्त टाकले की चौदा इंचांत २८८० गुणिले १८०० ठिपके मिळतात, म्हणजे इंचाला २४० च्या वर. ठिपके इतके बारीक झाल्यावर अक्षर छापल्यासारखं दिसायला हवं, आणि दिसतंही. ब्राउझरमध्ये एखादं मराठी वर्तमानपत्र उघडा, जोडाक्षराची एकेक गाठ मोजून घ्या. मग त्याच पडद्यावर पतसंस्थेचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम उघडा, किंवा डिजिटल सही जोडणारा एखादा छोटा प्रोग्रॅम. पडदा तोच, डोळे तेच, अक्षर मात्र धुरकट. आपलं नाव तपासायला पडद्याकडे वाकलेल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "माजो नंबर वाढलो काय रे?" त्यांचा नंबर ठीक होता. धुरकट होतं ते सॉफ्टवेअर.

त्याचं कारण असं. विंडोजच्या जगात इंचाला ९६ ठिपके हे माप पूर्वीपासून गृहीत धरलेलं आहे. त्या हिशेबाने लिहिलेला प्रोग्रॅम आपली खिडकी, रकाने, अक्षरं सगळं ठिपक्यांत मोजून मांडतो. ती मांडणी आजच्या दाट पडद्यावर जशीच्या तशी दाखवली तर वाचताच येणार नाही इतकी बारीक होईल. म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग असतं : १२५, १५०, २०० टक्के. जो प्रोग्रॅम सुरू होतानाच विंडोजला कळवतो की मला पडद्याचं माप समजतं, तो मोठ्या मापाचं अक्षर नव्याने रेखाटतो. फॉन्टमध्ये अक्षराची बाह्यरेषा असतेच, ती कितीही मोठी काढली तरी कड धारदार राहते. जो प्रोग्रॅम काहीच कळवत नाही, त्याला विंडोज २००७ च्या व्हिस्टापासून असंच सांगत आलं आहे की समोरचा पडदा ९६ चाच आहे. तो बिचारा त्यावर विश्वास ठेवून लहान चित्र काढतो, आणि विंडोज ते चित्र ताणून मोठं करतं. पासपोर्ट फोटो बॅनरवर घेतला की चेहऱ्याचं जे होतं, तेच इथे अक्षराचं होतं. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षर गुळगुळीत दिसावं म्हणून विंडोजमधलं क्लिअरटाइप हे तंत्र कडांना लाल-निळ्या छटा देतं. त्या छटाही चित्राबरोबर ताणल्या जातात, म्हणून पुसट अक्षराच्या कडेला कधी कधी तांबूस-निळसर झाक दिसते.

रोमन अक्षर हा मार सोसतं. ताणलेलं इंग्रजी वाक्य दिसायला वाईट दिसतं, पण वाचता येतं. देवनागरीचं तसं नाही, आणि माझा सगळा आग्रह या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. पायाशी उकार, ऋकार. बारा ठिपक्यांच्या ओळीत हे सगळं बसवायचं म्हटल्यावर मूळ अक्षराच्या अंगाला जेमतेम सात-आठ ठिपक्यांची उंची येते. आता आमच्या जिल्ह्यातलं घाडी हे आडनाव घ्या. घ च्या डोक्यावरची रेघ सलग असते. ध ला डाव्या टोकाशी छोटा आकडा असतो आणि त्याच्या शेजारी रेघ तुटलेली असते. लहान आकारात ही फट एका-दोन ठिपक्यांची. १५० टक्क्यांना विंडोज दोन ठिपक्यांचे तीन करतं. मधला ठिपका कुठून आणणार? शेजारच्या काळ्या-पांढऱ्याची सरासरी काढून तो करडा भरला जातो. फट बुजते, आकडा रेघेला चिकटतो आणि ध आणि घ पडद्यावर जुळी भावंडं होतात. घाडीचा धाडी होतो आणि धुरीचा घुरी. भ आणि म, थ आणि य यांचंही तेच, कारण त्यांच्यातही रेघेच्या त्या फटीचाच फरक आहे. गांवकर आणि गावकर ही दोन्ही आडनावं इथे चालतात आणि सरकारी कागदावर ती वेगळी माणसं असतात. त्यांच्यातला फरक एका बिंदूचा.

ज्याला नाव तोंडपाठ आहे तो ओळखीने वाचतो, त्याला अक्षर दिसावं लागत नाही. पण नोंद करणारा लिपिक विदर्भातून बदलून आलेला असू शकतो. त्याला घाडी आणि धाडी यांतलं कुठलं आडनाव कोकणातलं हे कसं कळावं? तो जे दिसेल ते उतरवून घेणार. सातबारावर असा प्रमाद शिरला की महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करा, जुने फेरफार काढा, तहसीलदारांकडे तारखा घ्या. काना-मात्रेच्या फरकाने बँकेचं कर्ज अडतं, आधार जुळत नाही, वारसनोंद लांबते. अशा सगळ्या चुका पुसट पडद्यामुळे होतात असं मी म्हणणार नाही. टंकलेखनाचा घाईगडबडीतला दोष असतो, जुन्या हस्तलिखित नोंदी असतात. पण चूक पकडायची शेवटची जागा पडदा असते. सबमिटचं बटण दाबण्याआधी अर्जदार आणि मी दोघं मिळून नाव वाचतो, आणि तिथेच अक्षर साथ सोडतं.

आणखी एक प्रकार. काही प्रोग्रॅममध्ये स्केलिंगने अक्षर मोठं होतं, पण ते ज्या चौकटीत बसायचं ती चौकट तेवढीच राहते. ती चौकट आखणाऱ्याने डोळ्यांपुढे इंग्रजी अक्षर ठेवलेलं असतं, ज्याला डोक्यावर वेलांटी नाही आणि पायाशी उकार नाही. मग रफार वरच्या कडेला कापला जातो आणि उकार खालच्या कडेत गडप होतो. 'कुडाळ'चा उकार दिसत नाही, 'सर्जेकोट'चा रफार नाहीसा होतो. इथे अक्षर धारदार असून अपुरं असतं, आणि पुसट अक्षरापेक्षा हे अधिक फसवं, कारण वाचणाऱ्याला संशयच येत नाही.

लोक यावर काय उपाय करतात? बहुतेक ठिकाणी दुरुस्तीला आलेला मुलगा पडद्याचं रिझोल्युशनच खाली आणून ठेवतो. एलसीडी पडद्याचे ठिपके काचेत पक्के बसवलेले असतात. मूळ मापापेक्षा कमी माप दिलं की ब्राउझरपासून वर्डपर्यंत सगळंच ताणलं जातं, आणि जे दोन प्रोग्रॅम पुसट होते त्यांच्या जोडीला बाकीचे सगळे पुसट होतात. महागाचा पडदा घेऊन तो जुन्यासारखा वापरायचा. हे करू नका, असं मी भेटेल त्या प्रत्येक केंद्रचालकाला सांगतो.

हे पत्र आपल्याबरोबर इतरही वाचतील, म्हणून जो उपाय चालतो तो इथेच लिहून ठेवतो. जो प्रोग्रॅम पुसट दिसतो तो बंद करा. त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, त्यात कम्पॅटिबिलिटी, त्यात 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. खाली 'ओव्हरराइड' या शब्दाने सुरू होणारी ओळ आहे, तिच्यापुढे खूण करा आणि यादीतून 'सिस्टिम एनहान्स्ड' निवडा. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे आणि ११ मध्येही आहे. जुन्या पद्धतीने अक्षरं काढणाऱ्या कित्येक प्रोग्रॅमना विंडोज या पर्यायात खरोखर मोठं अक्षर रेखाटून देतं. पुसट मजकूर क्षणात धारदार झालेला मी समोर बघितला आहे. काही ठिकाणी त्यामुळे मांडणी विस्कटते. तिथे खूण काढून टाकावी. यादीतला 'ॲप्लिकेशन' हा पर्याय निवडला तर अक्षर धारदार होतं पण बहुधा मुंगीएवढं, म्हणून तो साठीच्या माणसाच्या कामाचा नाही.

पण हे मलम आहे. प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक प्रोग्रॅमला, प्रत्येक वेळी नव्याने लावायचं. कित्येक सरकारी कचेऱ्यांत तर वापरणाऱ्याला ही सेटिंग बदलण्याची मुभाही नसते. घाव मुळावर घालायला हवा, आणि मूळ म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिला करायचं काम सांगतो, म्हणजे ते किती आवाक्यातलं आहे ते आपल्या लक्षात येईल. प्रोग्रॅमसोबत मॅनिफेस्ट नावाची एक छोटी फाइल जोडलेली असते. तिथे 'पर मॉनिटर व्ही टू' अशी घोषणा करायची, म्हणजे पडद्याचं माप मला समजतं असं विंडोजला कळवायचं, आणि मग सगळ्या चौकटी पडद्याच्या मापाप्रमाणे वाढतात ना, ते तपासून दुरुस्त करायचं. डॉटनेटवर बांधलेल्या जुन्या खिडक्यांसाठी ४.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, तशी सोय आहे. जावामध्ये ती त्याच वर्षीच्या नवव्या आवृत्तीत आली. आजही जावा ८ वर अडकून पडलेला प्रोग्रॅम दाट पडद्यावर बहुधा मुंगीएवढा बारीक दिसतो, तो या कारणाने. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम अजून जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात. त्यांचं काम अवघड आहे हे मान्य, तिथे नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. डीटीपीसाठी वापरल्या जाणाऱ्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. ती बनवणाऱ्यांना पाव शतकानंतरचा पडदा दिसणार कुठून? पण आज सरकार जे सॉफ्टवेअर विकत घेतं, ज्याच्या देखभालीचे दरवर्षी पैसे मोजतं, त्याला ही सबब चालू नये. दाट पडद्याचा पहिला मॅकबुक प्रो २०१२ साली बाजारात आला. तेव्हापासून वेळ पुरेसा मिळाला आहे.

आपल्याकडे अक्षराची काळजी घेण्याची परंपरा आहे, म्हणूनच मी हे मराठी भाषा विभागाला लिहितो आहे. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' सुरू केलं. त्याच्या आदल्याच वर्षी गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापलं होतं. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने टाइपाचं देखणेपण कुठवर जाऊ शकतं ते सगळ्या देशाला दाखवलं. संगणक आल्यावर र. कृ. जोशी यांनी मंगल हा फॉन्ट घडवला, आणि विंडोज २००० पासून तो देशभरच्या यंत्रांवर पोचला. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा, यशोवेणू असे फॉन्ट करवून घेऊन लोकांना खुले केले. खुद्द शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला वर्णमालेचा निर्णय काढला आणि मराठीत ल पाकळीचा व श देठाचा असेल असं ठरवून दिलं. १० नोव्हेंबर २०२२ ला तो सुधारून पुन्हा काढला. ज्या शासनाने ल ची पाकळी निर्णयात लिहिली, त्या शासनाच्याच सॉफ्टवेअरमध्ये ती पाकळी दिसू नये, हे मला फार लागतं. फॉन्ट उत्तम, कळफलक मराठी, ३ ऑक्टोबर २०२४ पासून भाषेला अभिजात दर्जा, आणि शेवटच्या पायरीवर अक्षर पुसट.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. मजकूर मोठा केला तरी वाचता यावा, अक्षरांच्या जागी चित्रं वापरू नयेत, अशा गोष्टी त्यांच्या कक्षेत येतात. माझी मागणी अशी की यंत्रावर उतरवून वापरायच्या प्रोग्रॅमनाही राज्याने अशीच अट घालावी. निविदेत लिहावं की सॉफ्टवेअर १००, १२५, १५० आणि २०० टक्के स्केलिंगवर तपासलं जाईल आणि मराठी मजकूर कुठेही पुसट वा कापलेला आढळला तर ते स्वीकारलं जाणार नाही. तपासायला एक पान आपल्या विभागाने तयार करावं. त्यात घ-ध, भ-म, थ-य च्या जोड्या असाव्यात, ऱ्य-ऱ्ह असावेत, ट्ठ, द्ध, ष्ठ, त्त्व असावेत, दोन मजली जोडाक्षराखाली उकार असावा आणि प्रत्येक जिल्ह्यातली दहा-वीस आडनावं असावीत. हे पान भाषेच्या जाणकारानेच करायला हवं. तंत्रज्ञांवर सोडलं तर ते क, ख, ग टाकून मोकळे होतील. लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडूनही एकदा तपासावं. ग्रामसभेत आणि शाळेत दोन पडद्यांची दोन मापं असतात, आणि एका पडद्यावर नीट दिसणारी खिडकी दुसऱ्यावर सरकवली की पुसट होते.

जी सॉफ्टवेअर आज वापरात आहेत, त्यांच्या देखभालीच्या करारात ही दुरुस्ती मागता येईल. तोवर वर सांगितलेल्या सेटिंगचं एकपानी मराठी पत्रक सेतू आणि आपले सरकार केंद्रांना पाठवलं तरी पुष्कळ होईल. तलाठी कार्यालयात ते भिंतीवर चिकटवावं. सुरुवात सिंधुदुर्गापासून करावी असं सुचवतो. हा लहान जिल्हा आहे, आठ तालुक्यांचा, आणि २०२५ मध्ये इथल्या प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला. पडद्यावरून नाव चुकीचं उतरलं तर पुढचं यंत्र कितीही हुशार असलं तरी चुकीच्याच नावावर काम करणार. तेव्हा हे काम आधी व्हावं.

तपासणीचं पान तयार करायला विनामूल्य मदत करण्याची माझी तयारी आहे. आडनावांची यादी मी देतो, आणि डीटीपीचं काम करणारे माझ्यासारखे प्रत्येक तालुक्यात आहेत, ते आपापल्या भागाची देतील. आपण एवढंच करावं की सॉफ्टवेअर खरेदीची पुढची निविदा निघण्याआधी माहिती तंत्रज्ञान विभागाशी बोलून ही अट तिच्यात घालावी, अशी विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक डीटीपी व्यावसायिक, मालवण, जि. सिंधुदुर्ग